कोहळ्यावरचा पहिला घाव

घमापूर, जबलपूर
२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय गौरांगदादा,

नमस्कार. विनीतावहिनींनाही सांग. आम्ही अजून भेटलो नाही, पण वहिनी तर वहिनीच ना. तू फोन उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत जातच नाहीत, म्हणून स्पीडपोस्टाने लिहून राहिले. पत्र शेवटचं शाळेत लिहिलं होतं, परीक्षेत, आणि तेही अर्धवट टाकून पाणी प्यायला गेले ती परत आलेच नाही. तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

इथे थंडी पडली. सकाळी गल्लीत असा धूर बसतो की समोरच्या दीपादीदीचं दार दिसत नाही. मागच्या पत्र्यावरचा आईचा कोहळ्याचा वेल आठवतो? आई गेली, तू गेलास, मी गेले, बाबांनी कधी तांब्याभर पाणी घातलं असेल असं वाटत नाही. तरी तिथेच बी पडतं, तिथेच उगवतं. यंदा दोन कोहळी धरली.

मी बीरला होते. तिथे डोंगरावरून छत्र्या बांधून लोक उडतात, मी खाली त्या छत्र्यांच्या घड्या घालायची. त्याआधी गोकर्णला होते, पण ते राहू दे. शेजारच्या चिंतामणीकाकांचा फोन आला, "यशू, तू नीघ." मी म्हटलं, काहून? तर म्हणाले, "काहून नको विचारू, नीघ फक्त." निघाले. इटारसीला गाडी इतकी थांबली की खाली उतरून मी एका बाईला तिच्या पोराची चड्डी धुवायला मदत केली.

बाबांचं सांगते.

तंबाखूने त्यांचा डावा गाल खाल्ला होता, दादा. म्हणजे खरंच खाल्ला. दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलेलं. दूध, पेज, पातळ वरण, एवढंच जायचं. नजरही गेल्यासारखीच. कान मात्र शाबूत. गल्लीतून कोणाची सायकल गेली ते पडल्या पडल्या सांगायचे, आणि बरोबर सांगायचे.

एकदा म्हणाले, "पेजेने वीट आणला. चावायला लागत नाही असं काही गोड कर ना." तर मी त्यांना बीरच्या होस्टेलातल्या अमेरिकन आजीचं सांगितलं. ती कोहळ्याचा पाय करायची, पंपकिन पाय, ओव्हन नाही तर बाहेर जाळीवरच. त्यांच्याकडचा गोड पदार्थ, खाली बिस्किटासारखा थर आणि वर मऊ खरवसासारखं. बाबा म्हणाले, "कोहळ्याला पाय केव्हा फुटले?" आणि हसले. हसल्याने दुखलं, पडल्या पडल्या गाल धरला. मग म्हणाले, "कर. पण चिरणार कोण?"

आपल्या घरचं तुला माहीत आहे. अख्खं कोहळं बाईने चिरायचं नाही. ते म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईमाणूस कोयता कसा चालवेल. आई कोहळं पुढ्यात घेऊन बसून राहायची, तू शाळेतून येईस्तोवर भाजी थांबायची. तू दप्तरासकट यायचा, कोयता रुतवायचा आणि कोयत्यासकट कोहळं दगडावर आपटायचा. धप्प. पुढचं मग आई बघायची. तू नसलास तर चिंतामणीकाका.

काका त्या दिवशी ओमतीला बाबांची औषधं आणायला गेले होते. मी अंगणात सिगडी पेटवून बसलेली. कणकेचे गक्कड भाजायची आपली जाळी घासून ठेवलेली, निखारे लाल झालेले. मी काही थांबणारी आहे का? आणि एवढं जग हिंडून आलेल्या मला कोहळ्याची कसली भीती. घेतला कोयता. दगडावर आपटलं. धप्प.

आतून बाबांचा आवाज आला, "गौरांग आला?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण आतून खाट करकरली. कित्येक दिवसांत जो माणूस आपणहून कुशीवर वळला नव्हता, तो उठून बसत होता.

मी म्हटलं, "हो बाबा."

आता पायचं सांगते. कोहळ्याचे दोन भाग करायचे, बिया काढायच्या आणि कापलेली बाजू खाली करून जाळीवर ठेवायचे. साल काळं पडून सुरकुतलं की आतला गर चमच्याने निघतो. तो फडक्यात बांधून पाणी गाळायचं. मग गूळ, सुंठ, जायफळ, मिल्कमेड, अंडी. आईच्या देवघराशेजारी अंडं फोडायची हिंमत झाली नाही, ते बाहेरच फोडलं. मारी बिस्किटांचा चुरा लोण्यात मळून थाळीत दाबला, त्यावर हे ओतलं, वर पातेलं पालथं घातलं आणि त्याच्यावरही निखारे ठेवले. मग फक्त आगीकडे बघत बसायचं. ते मला कधी जमलं नाही, त्या संध्याकाळी जमलं. आत जायची भीती होती म्हणून.

बाबा आतून म्हणाले, "त्याला आत ये म्हण. उंबऱ्याचं मी बोललो होतो ते राहू दे म्हण आता."

दादा, तुझ्या लग्नानंतर ते जे बोलले होते ना, या घराचा उंबरा चढू नको म्हणून, ते त्यांनी असं मागे घेतलं. खाटेवरून, अर्ध्या तोंडाने. आणि अंगणात मी एकटी.

मी म्हटलं, "येतो म्हणतो. आगीपाशी आहे, सोडलं तर जळेल."

बाबा म्हणाले, "अजून रागात आहे."

मी चिमटा उचलला आणि सिगडीच्या काठावर दोनदा वाजवला. आई जेवायला बोलवायची तेव्हा तू तोंडाने न बोलता, येतो म्हणून वाजवायचा तसा. बाबा म्हणाले, "बरं बरं. जळू नको देऊ म्हण."

जळलंच. खालचा थर कोळसा झाला. मी मधलं मधलं काढून चमच्याने भरवलं. जिभेवर धरून ठेवायचे, मग गिळायचे. म्हणाले, "करपट लागून राहिलं. गौरांगच्या हातचं म्हणजे करपणारच." आणि वाटी संपवली.

सकाळी काका औषधं घेऊन आले, तर त्यांना म्हणाले, "गौरांग येऊन गेला. मीच त्याला आत नाही येऊ दिलं."

असं म्हणाले. मी दारात उभी होते. माझ्याकडे तोंड वळवलं नाही. त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं, ते विचारायचं मी दुपारवर टाकलं. दुपारी ते गेले.

हे एवढंच लिहायचं होतं, आणि बघ किती कागद लागला.

ग्वारीघाटला अग्नी मी दिला. कोणी अडवलं नाही, पण सगळे रस्त्याकडे बघत होते. थोरला काल इथे होता ना, मग गेला कुठे? काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, अभिमानाने, की पोरगा आला होता, बापाला हाताने करून घातलं. आता तेच लोक वेगळं बोलून राहिले. दीपादीदी मला म्हणाली, "भैया खिलाकर निकल लिए? बाप मर रहा था, दिखा नहीं क्या?" तुझ्यावरचं मी ऐकून घेतलं, दादा. तू जिथे नव्हतासच तिथलं.

खरं सांगून टाकावं तर बाबांची शेवटची संध्याकाळ खोटी पडते. न सांगावं तर या गल्लीत तुझं नाव कायमचं घाण. रोज सकाळी ठरवते काकांना सांगायचं. काका चहा घेऊन येतात, बाबांच्या खाटेकडे बघून म्हणतात, "शेवटी आला तर खरं पोरगा," आणि मी चहा पिते.

तेरवी २७ ला आहे. येशील का ते विचारत नाही. पण काका तुला शोधून राहिले. त्यांचा फोन लागला तर म्हण, आलो होतो. मागच्या दाराने आलास. निळा स्वेटर होता, मी तेच सांगितलं आहे. सिगडीपाशी बसलास, पाय खालून करपला, चिमटा दोनदा वाजवलास. आत गेला नाहीस, कारण बाबांनी येऊ दिलं नाही. एवढं त्यांनीच तुझ्यासाठी करून ठेवलं आहे, ते तू मोडू नको.

माझी बॅग दाराशी भरून ठेवली आहे. मी कुठे टिकते. पण अजून उचलली नाही.

दुसरं कोहळं पत्र्यावरच आहे. काका तेरवीच्या भाजीला मागून राहिले, कोयता पण घेऊन आले होते. मी म्हटलं, थांबा.

तू येऊन गेलास त्या घरातून,
तुझी
यशश्री