तुझ्या वयाचं औषध

आई, गेल्या शनिवारी कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुला तपासायला आपल्या नांद्याच्या घरी येणार होत्या. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. हे मला माहीत आहे, तुझ्या लेकाला माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे, लोक तेराव्याला जेवून गेलेत. फक्त त्या दवाखान्याला माहीत नाही. तिथे तू अजून आहेस. तिथे तुझी साखर कमीजास्त होते आणि दर महिन्याला तुझ्या नावाने इन्सुलिन घरी येतं. ते मी टोचून घेते. चार वर्षं झाली याला. तुला कधीच सांगायला पाहिजे होतं, पण कुठल्या तोंडाने सांगणार होते?

सुरुवात माझ्या मेसमध्ये झाली. तू दिलेल्या पितळेच्या परातीत मी अजून कणीक मळते. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं जेवायला येतात, त्यांना गरम चपाती लागते, बसायला सवड म्हणून नसते. तर लाटता लाटता मला समोरचं धुरकट दिसायला लागलं. मला वाटलं, भट्टीची धग. तहान तर अशी की कळशी तोंडाला लावावी. तपासलं तर साखर, आणि ती गोळ्यांनी ऐकेना. डॉक्टरने विचारलं, आईला होती का? मी हो म्हणाले, तशी त्याने नुसती मान हलवली. तुझ्याकडून मी नाक घेतलं, तापट स्वभाव घेतला, आता हेही घेतलं म्हणायचं.

ह्यांचं काम तुला माहीतच आहे, पिरंगुटला, पण ठेकेदाराकडे. काही महिने काम, मग ब्रेक. काम असलं की विम्याचं कार्ड चालू, ब्रेक लागला की बंद. कधी काम चालू असूनही कार्ड बंद, कारण ठेकेदाराने भरलेलं नसतं. आपण या महिन्यात विम्यात आहोत की नाही, हे दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन उभं राहिल्यावर कळायचं. एका एजंटाकडे खाजगी पॉलिसी विचारली, तर साखर आधीपासूनची आहे, तीन वर्षं थांबा म्हणाला. इन्सुलिन एक दिवस थांबत नाही, हे त्या बाबाला काय सांगायचं! सरकारी योजनेचं कार्ड आहे, पण ते दवाखान्यात खाटेवर पडल्यावर उपयोगाचं. मी मधल्या काळात काय केलं सांगू? निम्मं टोचून घेतलं. एक दिवसाआड घेतलं. इन्सुलिन कमी लागावं म्हणून स्वतः जेवलेच नाही आणि पोरांना वाढताना घेरी येऊन खाली बसले.

त्या दिवशी तुझा लेक मला न्यायला आला होता. तो कंपनीत कायम आहे, त्याच्या कार्डावर बायको, पोरं, आईवडील सगळे चालतात. लग्न झालेली बहीण चालत नाही. घरी ओट्यावर बसल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "आक्का, आईचं नाव अजून कार्डावर हाय. काढायचं ऱ्हाऊनच गेलं." मला वाटलं, हलगर्जीपणा कबूल करतोय. मी रागावणार होते. मग कळलं की तो मला काहीतरी देतोय.

मग आमचं सुरू झालं. रक्त माझं, कागदावर नाव तुझं. आई अंथरुणाला खिळलीय, तिला आणता येत नाही, असं त्याने तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते, रिपोर्ट बघून लिहून द्यायचे. कार्डावर तुझं वय आता शहात्तर आहे. ते तरी कुठे खरं, आधार काढणाऱ्याने तुझ्या तोंडाकडे बघून टाकलेलं साल. दर वेळी औषध घेऊन आला की मी त्याला विचारायची, काय म्हणाले? आणि तो म्हणायचा, साखर जरा जास्त हाय, पर या वयाला चालतंय म्हणले. मी निवांत व्हायची. या वयाला चालतंय. आई, तू पण ऐक आणि सांग, आम्हा दोघांपैकी एकाच्या तरी डोक्यात उजेड पडायला नको होता का? तो बारावी झालेला, मी दहावी. चार वर्षं आम्ही ते वाक्य प्रसादासारखं घेत होतो.

यंदा ते डॉक्टर रिटायर झाले आणि या बाई आल्या. तरण्या आहेत, बारकाईने बघणाऱ्या. त्यांनी मागचे सगळे रिपोर्ट मांडले. किडनीचा आकडा हळूहळू चढतोय म्हणाल्या, पायावर सूज आहे का विचारलं. तुझ्या लेकाने हो म्हटलं, कारण माझ्या पायावर आहे. त्यावर त्या म्हणाल्या, आजींना आणता येत नाही ना, हरकत नाही, माझा घरी जायचा रस्ता नांद्यावरूनच आहे, शनिवारी मी स्वतः येऊन बघते. इतकं चांगलं माणूस कधी कुणाला भेटलंय? आणि आम्ही मात्र दिवस मोजायला बसलो.

तीन दिवस होते. तुझा लेक म्हणाला, तिला मावशीकडे गावाला नेलीय म्हणून सांगू. पण मग पुढच्या शनिवारी काय? भावजय म्हणाली, आक्का, तुमीच झोपा की गोधडी घिऊन, तोंड भिताडाकडं करून. हसू नकोस, तिने खरंच तुझं नऊवारी काढलं पेटीतून. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी नेसले. तुझ्या खाटेवर आडवी झाले, भर दुपारी, आणि भावजय दारातून बघून म्हणाली, जरा कण्हा. मी कण्हले सुद्धा! मग उठून केस सारखे करायला आरशात बघितलं तर काय, तू. तुझं शेवटच्या वर्षाचं तोंड, सकाळी सुजलेलं, डोळ्यांखाली फुगलेलं. तेव्हा आम्ही म्हणायचो, आईनं बाळसं धरलंय. मला नाटक करायची गरजच नव्हती. मी नऊवारी तिथेच टाकलं आणि मेसवर निघून आले. भावजय मागनं हाका मारत होती.

शुक्रवारी मी कुणाला न सांगता दवाखान्यात गेले. ओळीत उभी होते तेव्हा मला पौडची एसटी आठवली. मी तेरा वर्षांची, अंगाने थोराड, तू कंडक्टरला सांगतेस धा वर्साची हाय, अर्धं द्या. तो मला विचारतो, पोरी, वय काय गं? आणि मी म्हणते, तेरा. उतरल्यावर तू माझा दंड धरून म्हणालीस, "इचारलं म्हून खरं सांगायचं व्हय गं? त्यो काय तुझा मामा लागतोय?" दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. आता आपणहून सांगायला निघालेय म्हटल्यावर तू काय केलं असतंस, कुणास ठाऊक. आत गेले. बाईंनी कागद मागितला, मी तुझा रिपोर्ट पुढे केला. त्या म्हणाल्या, अरे वा, तुम्ही लेक का त्यांची? मी म्हणाले, "मॅडम, आई नऊ वर्षांपूर्वी वारली. हे रक्त माझं आहे."

त्यांनी रिपोर्टवरचं नाव परत वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील, शिपायाला बोलावतील, तुझ्या लेकाला कामावरून काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, वय काय तुमचं? मी म्हणाले, सत्तेचाळीस. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "अहो, शहात्तर वर्षांच्या माणसाची साखर आम्ही मुद्दाम फार खाली आणत नाही. एकदम उतरली तर ती माणसं पडतात, हाडं मोडतात. म्हणून जरा जास्त राहू देतो. किडनीचंही तसंच, त्या वयाला थोडं चालवून घेतो. तुमच्या वयाला यातलं काहीच चालत नाही." मी विचारलं, मग चार वर्षं? त्या म्हणाल्या, "चार वर्षं तुम्हाला तुमच्या आईचं औषध मिळालं."

आई, मला कळेना रडावं की कपाळ बडवून घ्यावं. फुकट मिळतंय म्हणून आम्ही देवाचे आभार मानत होतो आणि मी मात्र आतून तुझ्या वयाची होत होते. मी त्यांना विचारलं, किडनी परत बरी होईल का? त्या म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळू. माझ्या पायाची सूज त्यांनी अंगठ्याने दाबून बघितली, खळगा पडला तो कितीतरी वेळ भरून आला नाही. मग साध्या कागदावर नवं प्रमाण लिहून दिलं. इन्सुलिन सकाळी चौदाचे वीस युनिट, रात्री आठचे बारा, आणि वरून दर आठवड्याला तपासणी. तो कागद विम्याचा नव्हता. त्या म्हणाल्या, भावाला सांगा, या आठवड्यात मृत्यूचा दाखला देऊन नाव काढून टाका, मागचं मी उकरणार नाही, पण इथून पुढे मी देऊ शकत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझा लेक माझ्याशी बोलत नाही. "मला इचारायचं तरी," एवढंच म्हणाला. त्याचंही खरं आहे, नोकरी त्याची पणाला होती आणि सांगायला मी एकटी गेले. दाखला त्याने सोमवारी दिला. तेव्हापासून त्याचा फोन वाजला की भावजय हातातलं काम टाकून धावते, कंपनीतून तर नसेल? माझंही तेच. ह्यांचा ब्रेक पुढच्या महिन्यात संपेल असं ठेकेदार म्हणतो, तो असं नेहमीच म्हणतो. सरकारी दवाखान्यात मी नाव घातलंय, गोळ्या मिळाल्या, इन्सुलिन आलं की कळवू म्हणाले. मी रोज सकाळी पोळपाट मांडायच्या आधी फोनकडे बघते. मग तोंडाकडे बघते, सूज चढली की उतरली. दिवसभर हाच धंदा. पोरं म्हणतात, काकू, भाजी आज आळणी झालीय. होईल नाहीतर काय, माझं लक्ष असतं कुठे?

हे सगळं मेसच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. आता ही पानं फाडून जाळून टाकावी लागतील. कुणाच्या हाती लागली तर तुझा लेक गोत्यात येईल. नाहीतर तुझ्या फोटोमागे खोचून ठेवली असती.

एक राहिलं. मी निघताना बाईंनी सांगितलं होतं, मागच्या खेपेतलं काही शिल्लक असेल तर परत आणून द्या. मी म्हणाले, सगळं संपलं. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले. इन्सुलिनची तीन पेनं आहेत, आई, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवलीत, वरच्या चिठ्ठीवर तुझं नाव आहे. तुझ्या वयाने घेतली असती तर महिना-दीड महिना पुरली असती. आता मी माझ्या वयाने घेतेय, त्यामुळे ती लवकर संपतील.