वरणातलं कूट

वैशाली नगर, जयपूर

चि. अनिमेष,

माझ्या ब्लड कॅन्सरसाठी तू दिलेल्या स्टेम सेल आता आठ महिन्यांनी नीट रुजल्यात. रक्तगटही तुझाच झालाय.

काल शेजारच्या भाभींनी शेंगदाण्याची गजक दिली. एकच तुकडा खाल्ला तर ओठ सुजले, धाप लागली. ह्यांनी तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी पेशींबरोबर देणाऱ्याची ॲलर्जीही येते. "भाईसाहब को मूंगफली से तकलीफ़ है क्या?"

तू सहा वर्षांचा होतास तेव्हा तुझ्या वरणात दाण्याचं कूट मी घातलं होतं. तुला खरंच त्रास होतो की नुसते नखरे आहेत, ते मला बघायचं होतं. तू निळा पडलास. आईने स्वयंपाकाच्या मालनबाईंना त्याच दिवशी काढलं. त्या रडत शपथा घेत होत्या आणि मी गृहपाठाची वही उघडून बसले होते.

पेशी देताना तू म्हणालास, "ताई, कमी पडल्या तर अजून घे."

आधीच्या पत्रांसारखं हेही न पाठवता रिपोर्टांच्या फाइलीतच राहील. काल डॉक्टरांनासुद्धा मी एवढंच सांगितलं, "पता नहीं."

तुझी,
प्रतिमाताई