पिठावर उमटलेलं कडं

चि. मंजू,

चि. लिहावं की नाही, कळेना. हाताला सवय आहे.

काल सांगलीहून तुझ्या हॉस्टेलचं सामान आलं: तीन ड्रेस, चष्मा, विरजणाचा डबा आणि प्रयोगाची लाल वही. पार्सलचे एकशे दहा रुपये. वही उघडली आणि लिहायलाच बसले.

तू गेलीस त्या दिवशी, तुला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून वर वेताची पाटी पालथी घातली, शेजारी दिवा लावला. सकाळी सगळे बघायला आले, पुढचा जन्म कशाचा ते. पाऊल नव्हतं, पाखराची नखं नव्हती. बांगडीएवढं गोल कडं, मधोमध ठिपका. काकू म्हणाली, "बांगडीच हाय गं. चांगल्या घरी जाईल पोरगी."

तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तेच कडं आहे. तोच ठिपका.

मग तुझी प्रयोगशाळा आठवली. लेसरच्या उजेडाला कड्याचा आकार देऊन त्यात तू माझ्या विरजणातला जंतू धरला होतास. पडद्यावर तो थरथरत होता, पण जागचा हलत नव्हता.

"किती वेळ धरशील गं?"

"जिवंत आहे ना आई. फार वेळ धरला तर उजेडच मारतो त्याला." तू बटण बंद केलंस. तो भरकटत निघून गेला. माझे डोळे भरले, तर हसलीस. "अगं, सुटला की तो. रडतेस काय?"

मंजू, दिवा दहा दिवस ठेवायचा असतो. आज बाविसावा. मोकळ्या खोलीतला बल्ब मी कधी चालू ठेवू दिला नाही, पण हा विझवता येत नाही. याच्या उजेडात एक कण आहे. पंखा लावला की बाकीची धूळ उडते. तो थरथरतो आणि तिथंच राहतो. तुझ्या आबांनाही दिसतो. ते आता खोलीत येत नाहीत, दारातूनच म्हणतात, "लय झालं, फुरं कर आता. जाऊ दे तिला."

मला वाटायचं, मी तुला सांभाळतेय. परवापासून तो कण काळवंडत चाललाय.

या उजेडात दुखत होतं का गं? मग आधी का नाही सांगितलंस?

उद्या देवपूजा झाली की दुधाचा थेंब देऊन दिवा शांत करीन. पुन्हा तिथं लावणार नाही, सिद्धनाथाची शपथ. त्या खोलीतल्या अंधाराचं माझं मी बघेन.

सुटलीस की उलट टपाली कळव. काहीच आलं नाही, तर सुटलीस असं धरून चालेन.

तुझी आई,
कोरेगाव