भोगीच्या भाजीतलं मीठ

ती. आईस,

दिपालीचा शरणार्थ. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

फोनवर बोलता येत नाही, जवळ कुणी ना कुणी असतंच. कुमारदादा गावाकडून डाळिंबं घेऊन इथल्या मार्केटला आला आहे, त्याच्याच हाती चिठ्ठी देते.

सोमवारी भोगी. बावीस माणसं जेवायला आहेत. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "औंदा भाजी दिपाली करणार."

या घरात नैवेद्याआधी काही चाखत नाहीत. अमावास्येला मी आपल्या सवयीने आमटी तळहातावर घेऊन चाखली. कुणी पाहिलं नव्हतं, पण मला राहवेना, मीच सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरी आमटी फोडणीला टाकली. पाहुणे तासभर ताटं मांडून बसले. अक्कलकोटच्या आत्या हसून म्हणाल्या, "सांगोल्याची पोरगी लई भुकेली हाय की!" त्या सोमवारीही येणार आहेत.

आता बावीस जणांच्या भाजीत न चाखता मीठ घालायचं. तू मला मोजून शिकवलंच नाहीस, चाखूनच शिकवलंस. मोठ्या पातेल्यात तू मुठीने मीठ घालायचीस, एवढं आठवतं. पण तुझी मूठ केवढी, तेच आठवेना.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला माझा पंजा ठेवून पेनाने रेघ ओढली आहे. त्यावर तुझा हात ठेवून बघ. दादा रविवारी परत येईल, त्याच्याजवळ सांग, माझ्या किती मुठी.

तुझी,
दिपाली