मावशीने दिलेला शेरा

दि. ९ फेब्रुवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या डेंटल लॅबची तपासणी करून निघताना मी तुझ्याकडे बघितलंही नाही. रागावले नव्हते गं, लाज वाटली म्हणून.

गेली कित्येक वर्षं मी कॉलेजांना हेच सांगत फिरते, की मुलं कामावर प्रशिक्षणाला पाठवली म्हणजे शिकली असं होत नाही, तिथे जाऊन बघा. माझी रीत तुला ठाऊक आहेच. मालकाचं भाषण ऐकायचं नाही, मुलांशेजारी बसायचं आणि म्हणायचं, मला शिकव. तुलाही म्हटलं, मेणात दात कसे बसवतात ते दाखव. तू वरच्या कवळीचे दात खालच्या साच्यावर लावायला घेतलेस. तुझ्या पत्रांवरून तर निम्मं गाव तुझ्या कवळ्यांनी जेवत होतं! मालक हसून म्हणाले, ही आमची फोनवरची वाघीण. तेव्हाच कळलं, तुला फोन आणि पार्सलं यांपलीकडे कुणी काही करूच दिलेलं नाही.

आणि मी काय केलं? 'उत्तम' असा शेरा लिहून सही ठोकली. खरं लिहिलं असतं तर तुझं प्रशिक्षण बाद होऊन वर्ष गेलं असतं, आणि तुझ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. नात्यातलं माणूस असेल तिथे तपासणीला जायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. आपली आडनावं वेगळी, म्हणून कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तूर्त कुणाला बोलू नकोस. माझ्यावरचा लोभ थोडा उरला असेल तर तो राहू दे.

तुझी,
मावशी

दि. २ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्रांतून थापा मारल्या, माफ कर. आमची भाची दात घडवते म्हणून तू सगळ्यांना सांगत सुटलेलीस, मग मी फोन उचलते हे कुठल्या तोंडाने लिहू? पहिल्याच आठवड्यात मेणाची सुरी मागितली होती. मालक म्हणाले, आधी बघून शीक. बघायला उभी राहिले की फोन वाजायचा.

मी गप्पच बसणार होते. पण तुझा शेरा वाचून कॉलेजने पुढची सगळी तुकडी आमच्याच लॅबला पाठवायचं ठरवलंय. आता फुकटात मुली येणार, म्हणून मालकांनी पार्सलं पोचवणाऱ्या काकांना घरी बसवलं. काका माझ्याशी नेहमीसारखे हसून बोलून गेले, तेच जास्त लागलं.

मावशी, शेरा मागे घे. माझं वर्ष जाईल हे कळतंय मला, रडूनही झालंय. लोभ माझ्याकडून कमी झालेला नाही, तुझ्याकडूनही होऊ नये.

तुझी,
टिल्ली

दि. २७ मार्च

चि. टिल्लीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण धीर होत नव्हता. तुझा निकाल लागेपर्यंत थांबू, असं रोज मनाशी घोकत होते. मग नव्या तुकडीची नावं माझ्याच टेबलावर आली. त्या मुलींचे फोटो बघून मला बसवेना.

सोमवारी आमच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे एवढंच म्हणाल्या, की आता मी शेरा दिलेल्या प्रत्येक जागी दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा जावं लागेल. माझं तपासणीचं काम काढून घेतलंय. तुकडी थांबली. शिकवायला माणूस नेमल्याशिवाय त्या लॅबला मुलं मिळणार नाहीत. तुझं प्रशिक्षण मात्र बाद झालं.

ताईला फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. काकांना परत बोलावलं का, ते कळव. लोभ असू दे म्हणायची माझी हिंमत नाही.

मावशी

दि. १४ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

काकांना परत बोलावलेलं नाही. मी दुसऱ्या लॅबमध्ये पहिल्यापासून सुरुवात केली आहे. इथल्या बाई खडूस आहेत, माझा पहिला साचा त्यांनी बघता बघता फोडला. पण हातात सुरी देतात.

आई अजून म्हणते, मावशीने पोरीचं वर्ष घालवलं. मी तिला सांगितलं, ते तर मी फोन उचलण्यातच घालवलं होतं. तिला पटलेलं नाही. तूच ये एकदा, दारातून परत पाठवणार नाही ती.

काल तुमच्या ऑफिसातून नव्या तपासनीस बाई आल्या होत्या. त्या स्टुलावर बसायच्या आत मी सांगून टाकलं, की मी तुझी भाची आहे. त्यांनी हातातली वही मिटली. मला तुझी लाज वाटली मावशी, आणि मग तशी लाज वाटल्याबद्दल स्वतःची वाटली. बाई म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस, मी तुझ्या मावशीच्याच हाताखाली तयार झाले, मग मी इथे थांबू शकत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवते. बॅग उचलली आणि गेल्या. इतकं सोपं होतं गं.

तुझीच,
टिल्ली