आपट्याची गाडी

सर,

आमचा नवीन गेम गेल्या महिन्यात बाहेर पडला. बाहेर पडला म्हणजे दुकानात वगैरे नाही. आता दुकान लागतच नाही, घरात बसून इंटरनेटवर ठेवून द्यायचा, आणि कुठल्या कुठे बसलेला माणूस तो घेऊन खेळतो. आम्ही तिघंच आहोत. मी प्रोग्रॅम लिहिते, एक मुलगी चित्रं काढते, एक मुलगा आवाजाचं बघतो. डोक्यावर मोठी कंपनी नसलेल्या अशा गेमना हल्ली इंडी म्हणतात. खेळून झालं की लोक खाली आपापले शेरे लिहितात. परवा एकाने लिहिलं, ‘याला गेम म्हणतात का? यात हरताच येत नाही.’ पूर्वी असलं काही वाचलं की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. गेम म्हणजे कुणाला तरी मारायचं, पहिलं यायचं आणि मागे राहिलेल्याला शिव्या घालायच्या, असं मानणारे या जगात अजून पुष्कळ आहेत, आणि तो बाईने लिहिलाय म्हटल्यावर तर त्यांना आणखीच चेव येतो. पण या वेळी मी हसले. कारण हेच वाक्य, याच ठसक्यात, मी स्वतः तुम्हाला ऐकवलं होतं. पनवेलला, तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये.

दुपार आहे. बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या ‘बोटांकडे बघू नका’ या पाटीखाली, मशिनींचा खडखडाट चाललाय आणि आतल्या खोलीत, पडद्यामागे, तुमचा नवा कॉम्प्युटर आहे. चपला बाहेर काढूनच तिथे शिरायचं. कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्यावर नारिंगी अक्षरं. पत्रं टाइप करायला म्हणून तुम्ही तो आणलात, कारण टाइपरायटरचे दिवस भरत आलेत हे तुम्हाला इतरांच्या आधी दिसलं होतं. पण त्यासोबत आलेलं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक तुम्ही उघडलंत आणि पत्रं बाजूला राहिली. मी उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून एसटीने यायचे. बारावीला गणित बरं होतं एवढ्यावरून तुम्ही मला मशिनीवरून उठवून आत नेलंत आणि म्हणालात, “आपण एक गेम करू.” मला वाटलं, थट्टा करताय. पन्नाशीच्या पुढचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस आणि गेम!

गेम मला माहीत होते ते फक्त बाहेरून. स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. आत नुसती मुलं, धूर आणि धडाधड आवाज. मुलीने तिथे पाय ठेवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून गाडीची वाट बघताना मी दारातून जमेल तेवढं बघायचे. एकदा तुम्हीच आत जाऊन आलात. अर्धा तास उभं राहून बघितलंत आणि परत आल्यावर म्हणालात, “आवाज फार आहे. पण एक गोष्ट चांगली आहे. हरलं तरी पोरगं लाजत नाही, परत उभं राहतं. शाळेत असं होत नाही.” गेमबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणं मी त्यानंतर फार थोड्या ठिकाणी ऐकलं.

आपला गेम स्टँडचाच होता. पडद्यावर वर गाड्या उभ्या, प्रत्येकीला पाटी. खाली एक प्रवासी येतो, कुठे जायचं ते सांगतो, आपण त्याला योग्य गाडीत बसवायचं. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. प्रत्येक अक्षर आपण आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलं. ‘ळ’ने एक आख्खी दुपार खाल्ली. तो सारखा जिलबीसारखा दिसायचा.

प्रवासी बोलणार कसे, हा पुढचा प्रश्न. मी पुस्तकातल्यासारखी वाक्यं लिहून आणली. ती वाचून तुम्ही विचारलंत, “तुझे बाबा गाडी विचारतात ती अशी?” पनवेलला आल्यावर तोंडातून ‘हाय’ आणि ‘नाय’ निघू नये म्हणून मी किती जपायचे, ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही आग्रह धरला नाहीत, नुसता कोरा कागद पुढे केलात. मी लिहिलं, ‘आमाला उरनला जायाचा हाय.’ एकदा बाबा बंदरावरची पाळी संपवून मला न्यायला आले. त्यांना त्या कॉम्प्युटरच्या डब्याचा राग होता. टायपिंग केलं तर सरकारी नोकरी लागेल, यात काय लागणार, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि गेम सुरू केलात. पडद्यावरचं ते वाक्य त्यांनी बोट फिरवत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“ह्ये आमच्यावानी बोलतंय,” ते म्हणाले.

“तुमच्या मुलीने लिहिलंय,” तुम्ही म्हणालात.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “उद्या जाशील तवा त्याला सांग, उरनची गारी कदी येलेवर नसतं.” म्हणजे गेम त्यांनी नीट बघितला होता.

आपलं भांडण झालं ते बटणांवरून. बाण, मोठं बटण, आकडे, सगळं वापरायचं माझ्या मनात होतं. तुमचं एकच, दोन बटणं, आणि दोन्ही डावीकडची. एकाने पाटी बदलायची, दुसऱ्याने गाडी सोडायची. वेळेची मर्यादा लावायची नाही. मला ते मुळीच पटेना. वेळ संपली की गाडी सुटायला हवी, तीनदा चुकलं की खेळ खलास व्हायला हवा, नाहीतर याला गेम म्हणतात का, यात हरताच येत नाही, असं मी तावातावाने म्हटलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात.

“हा तू कुणासाठी लिहितेयस?”

“खेळणाऱ्यासाठी.”

“कोण खेळणार आहे, माहितेय?”

“तुम्ही सांगितलंच नाहीत तर कसं माहीत असेल?”

इतक्या चढ्या आवाजात तुमच्याशी कुणी बोलत नसे. तुम्ही चिडला नाहीत. जरा ओशाळलातच. “तिला विचारतो,” म्हणालात. दुसऱ्या दिवशी सांगितलंत, “ये म्हणालीय.”

तुमची पत्नी आजारी असते आणि मागच्या खोल्यांत असते, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी काकूंना पहिल्यांदा बघितलं. स्वयंपाकघरात, खिडकीशी, हाताच्या खुर्चीत. झटका येऊन गेल्यापासून उजवी बाजू लुळी होती, शब्द एकेक करून यायचे. लोकांनी आपल्याला या अवस्थेत बघावं हे त्यांना आवडत नसे, म्हणून तुम्ही मला काही बोलला नव्हतात. आपण दोघांनी तो कॉम्प्युटर उचलून आत आणला आणि ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला. कीबोर्ड काकूंच्या मांडीवर. डाव्या हाताचं एक बोट. पहिला प्रवासी आला. काकूंनी पाटी बदलली, बदलली, पुढे गेली, पुन्हा फिरवून आणली आणि गाडी सोडली. चुकली. मी घातलेला भोंगा वाजला.

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तो... भोंगा नको गं. मला तसंही... दिवसभर चुकल्यासारखंच वाटतं.”

सर, नंतर मी पुष्कळ काही शिकले. परिषदांना गेले, गेम कसा असावा यावरची मोठमोठी भाषणं ऐकली. त्या ओट्यापाशी जे शिकले त्यापुढे ती सगळी तळटिपा वाटतात. भोंगा मी त्याच दिवशी काढला. चुकीच्या गाडीत बसवलेला प्रवासी आता पुढच्या थांब्यावर उतरून परत यायचा आणि म्हणायचा, ‘अहो, मला दुसरीकडे जायचं होतं.’ काकू त्याला हसायच्या. “आला बघा परत,” असं तुम्हाला हाक मारून सांगायच्या. त्यांची तक्रार एकच होती. “आपटा कुठेय यात?” आपटा त्यांचं माहेर. पाताळगंगेच्या काठी, पनवेलहून जायला असं कितीसं लांब? पण झटका आल्यापासून त्या गाडीत चढू शकल्या नव्हत्या. आपट्याची पाटी आली. मग त्यांच्या आठवणीतली माणसं आली, वांगी घेऊन निघालेली मावशी, कोंबडी पिशवीत लपवणारा म्हातारा. एकेक शब्द जुळवत त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे.

तुम्हाला कॉम्प्युटर विकणारा मुंबईचा माणूस दुरुस्तीला आला तेव्हा, पडद्यामागच्या खोलीत, त्याने गेम बघितला. हुशार होता. म्हणाला, विकता येईल, पण इंग्रजी करा, स्पीड टाका, गाड्या ठोकल्या पाहिजेत, स्फोट झाला पाहिजे. हा घरच्या आजारी माणसासाठी आहे असं तुम्ही सांगितल्यावर म्हणाला, “गेम मुलं खेळतात साहेब, पेशंट नाही.” स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. वर त्याने मला त्याच्या दादरच्या ऑफिसात नोकरीच देऊ केली. बाबांना हे कळलं तर ते नाही म्हणू देणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. तुमच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “त्याला... दुसरा करून दे. माझा मोडू नकोस.” तुम्ही म्हणालात, “जा तू. वेग काही वाईट नसतो. तुझ्या वयाला तो हवाच.” मी गेले. तिथे ठोकाठोकीच्या गाड्या केल्या, पुष्कळ केल्या, आणि मला मजाही आली. रविवारी पनवेलला आले की काकूंच्या प्रवाशांत एखाद्याची भर घालायची, असा क्रम पडून गेला.

मग एका पावसाळ्यात गेम साठवलेल्या फ्लॉपींना बुरशी आली. मूळची गेली, जपून ठेवलेली दुसरीही गेली. मी नोकरीच्या गडबडीत होते, बरेच रविवार येणं झालं नव्हतं. उरला होता तो फक्त छापून ठेवलेला प्रोग्रॅम, भोकाभोकांच्या कडांचा लांबच लांब कागद. तुम्ही मला कळवलं नाहीत. तो कागद कॉम्प्युटरशेजारी टांगलात आणि पहिल्या ओळीपासून सगळा प्रोग्रॅम स्वतः टाइप केलात. त्यातली कुठली ओळ काय करते हे तुम्हाला अर्धंही माहीत नव्हतं. चौकोन भरून काढलेल्या अक्षरांचे ते आकडे, ओळींमागून ओळी नुसते आकडे, तुम्ही कसे टाइप केले असतील याचा विचार केला की अजून माझी बोटं दुखतात.

मी आले तेव्हा गेम चालू होता. काकू खेळत होत्या. प्रवासी आला, म्हणाला, आपटा. काकूंनी गाडी सोडली. दुसरा आला, आपटा. वांगीवाली आपट्याला, कोंबडीवाला आपट्याला, आमच्या बाबांसारखं बोलणारा उरणचा गडीसुद्धा आपट्याला. मी कागद बघितला, पडदा बघितला. एका ओळीत एक आकडा वेगळा पडला होता. त्यामुळे प्रवासी नवा यायचा, पण गाव तेच राहायचं. नीट करणं मिनिटभराचं काम होतं. मी कीबोर्डला हात लावणार, तेवढ्यात काकूंनी तो डाव्या हाताने आपल्याकडे ओढला.

“राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे सगळ्यांना.”

त्या वाक्यात एकही शब्द अडखळला नाही. तुम्ही गॅसपाशी पाठमोरे उभे होतात, चहा गाळत. वळला नाहीत. तुमच्या टायपिंगमध्ये चूक काढून दाखवा असं तुम्ही वर्गाला आव्हान द्यायचात आणि कुणालाही ती कधी सापडली नव्हती. मी तुमच्या पाठीकडे बघत राहिले, आणि विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

काकू गेल्या, आणि त्यामागोमाग तुम्ही. तेव्हा मी दुसऱ्या शहरात होते, बातमी उशिरा कळली. इन्स्टिट्यूटच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्या कॉम्प्युटरचं काय झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या शेरा लिहिणाऱ्याला मी उत्तर लिहायला बसले होते, नम्रपणे, समजावून. त्याऐवजी हेच लिहीत गेले. हे कुठे पाठवायचं नाही. त्यालाही नाही. लिहून होईल तेव्हा बंद करून ठेवीन.

एक मात्र तुम्हाला कळायला हवं. आयुष्यभर कीबोर्डवर पोट भरलं, तुमच्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेटही आहे माझ्याकडे. पण सर, मी अजून खाली बोटांकडे बघूनच टाइप करते.