वारा नसताना वाकणारं पातं

धाकट्या, आशीर्वाद.

पवनचक्कीवर चढायच्या नोकरीला हो म्हणालास, आणि ते मला साहेबाकडून कळावं? मी इथं त्याच्याच ऑफिसात फरशी पुसते, मेलेली नाही.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

आता ऐक. ऑफिसातल्या पडद्यावर दोन रेषा असतात, एक वाऱ्याची, एक पात्यावरच्या ताणाची. वारा वाढला की ताण वाढतो. पण तुझ्या आधीचा माणूस ज्या पात्यावरून पडून मेला, त्या पात्याची ताणाची रेषा वारा थांबला तरी चढते. माणसाच्या वजनाएवढी, असं साहेबच बोलला. मग मला म्हणतो, "मावशी, वायर खराब असेल." तीनदा बदलली.

शनिवारच्या आत साहेबाला "येत नाही" असं लिहून पाठव.

तुझी ताई